अर्थ लावणारे, अर्थ खाणारे

मागच्या अंकात आपण दळणाच्या ओव्या छापल्या. त्यावर पत्रं आली, फोन आले. निम्मी पत्रं एकाच सुरातली : ओव्या छान, पण अर्थ लागत नाही, सोबत अर्थ द्या. एका प्राध्यापकाने तर आपण होऊन अर्थ लावून पाठवला. चार पानं. त्यात 'गूढ' हा शब्द अकरा वेळा आलाय. आम्ही मोजला.

सगळ्यात जास्त हाणामारी झाली वेरूळच्या एका म्हातारीच्या ओवीवर. ओवीत ती एवढंच म्हणते की माझ्या भावानं, भीमानं मला लेणं दिलं. ते सोनाराच्या हातचं नाही आणि सावकाराच्या पेटीत जात नाही. संपलं. आता लेणं म्हणजे काय? प्राध्यापक म्हणतात, लेणं म्हणजे ज्ञान, चोराला चोरता न येणारं विद्याधन. आमच्या संपादक मंडळातला एक म्हणतो, लेणं म्हणजे संविधान, आणखी काय! दुसरा भडकला. बाबासाहेबांना भाऊ करायचं आणि त्यांच्याकडे दागिना मागायचा, हा सगळा जुन्या देवदेवस्कीचा गाळ आहे, असलं आपण छापलंच कसं, म्हणाला. भांडण रात्री अकरापर्यंत चाललं. चहाचे पैसे कुणी दिले ते विचारू नका.

शेवटी कोपऱ्यात गप्प बसलेल्या एकाने तोंड उघडलं. म्हणाला, अरे, म्हातारी जिती आहे ना? मग तिलाच का विचारत नाही?

दोस्तांनो, खोटं कशाला बोलायचं, हे आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. आम्ही गावकुसाबाहेरच्या माणसाचा आवाज छापणारे. प्रस्थापितांना जाब विचारणारे. आणि आमच्याच आजीच्या तोंडची ओवी हातात पडल्यावर आम्ही तिचे शास्त्री होऊन बसलो. पोथी म्हातारीची आणि भाष्य आमचं. म्हणून हे संपादकीय जरा लांबलंय. ते आधी आमच्या विरुद्ध आहे, मग बाकीच्यांच्या.

रविवारी वेरूळला निघालो. शहरातून (२०२३ पासून कागदावर छत्रपती संभाजीनगर) वेरूळ तीसेक किलोमीटर. वाटेत दौलताबाद लागतं, मग खुलताबाद, मग उतार. ज्यांनी हा रस्ता नुसता पिकनिकला पाहिला असेल त्यांनी पुन्हा एकदा जावं आणि दौलताबादला उतरावं. आम्ही उतरलो.

१९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे तीसेक सहकारी याच रस्त्याने वेरूळला चालले होते. सगळ्यांना काहीही करून वेरूळची बौद्ध लेणी पाहायची होती. मुलूख निजामाचा. वाटेत किल्ला पाहू म्हणून मंडळी दौलताबादला थांबली. अंगावर प्रवासाची धूळ. दाराशी छोटा हौद होता. त्यात कुणी तोंड धुतलं, कुणी हातपाय. तेवढ्यात मागून पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा ओरडत आला : धेडांनी हौद बाटवला! गर्दी जमली, शिवीगाळ झाली. बाबासाहेबांनी त्यांना सरळ विचारलं की तुमचा धर्म हेच शिकवतो का? एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही पाणी घेऊ देणार नाही का? तेव्हा कुठे लोक गप्प झाले. शेवटी किल्ल्यात सोडलं, पण अट घालून : आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. पाण्यावर पहारा म्हणून सोबत बंदूकवाला शिपाई दिला. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी आज वाचावं. छोटंसं पुस्तक आहे, एका बैठकीत होतं. बैठक मोडल्यावर झोप लागणार नाही ते वेगळं.

आता याच किल्ल्याची दुसरी गोष्ट. सोळाव्या शतकात पैठणचा एक ब्राह्मण पोरगा इथं जनार्दनस्वामींकडे शिकायला आला. तोच एकनाथ. काळ १५३३ ते १५९९. पुढं त्यानं भारुडं रचली. त्यातली चाळीसच्या वर भारुडं महाराच्या तोंडी आहेत. महार पाटलापुढे येतो, जोहार घालतो, गावचा हिशोब देतो. महाराच्या गावकीतलं सगळं त्यात आहे. झाडणं आहे, राखणं आहे, वसुलीची ने-आण आहे, हातातली काठी आहे. आणि कीर्तनकार याचा अर्थ काय सांगतो? गाव म्हणजे काया. पाटील म्हणजे जीव. गावातले बंडखोर म्हणजे काम, क्रोध, मद, मत्सर. मग महार? महार म्हणजे विवेक, नाहीतर भक्ती. खरा महार सोडून काहीही.

नाथांना आम्ही शिव्या देणार नाही. त्या काळात ब्राह्मणाने महाराच्या तोंडून बोलावं आणि त्या तोंडाला शहाणपण द्यावं, ही सोपी गोष्ट नव्हती. पैठणच्या सनातन्यांनी त्यांचा छळ केल्याच्या कथा उगाच नाही झालेल्या. शिवाय भारुडाचा दुसरा अर्थ नाथांच्या मनात होताच, तो कुणी नंतर चिकटवलेला नाही. प्रश्न दुसऱ्या अर्थाचा नाहीच. पहिला अर्थ कुठं गेला, हा आमचा प्रश्न आहे. साडेतीनशे-चारशे वर्षं कीर्तनात गाव म्हणजे काया, गाव म्हणजे काया ऐकून माना डोलल्या. आणि जिथं नाथ शिकले त्याच किल्ल्याच्या दाराशी १९३४ साली जिवंत महार हौदावर तोंड धुवायला वाकला तेव्हा त्याला कुणी विवेक म्हणालं नाही, कुणी भक्ती म्हणालं नाही. रूपकातल्या महाराला पाटलापुढं उभं राहता येतं. हौदावर वाकणारा महार हाडामांसाचा होता, त्याच्या हातावर बंदुकीचा पहारा बसला.

यालाच आम्ही अर्थ खाणं म्हणतो. लावणारा वेगळा, खाणारा वेगळा. लावणारा पहिल्या अर्थावर दुसरा ठेवतो. खाणारा पहिला गिळतो आणि दुसऱ्याचा ढेकर देतो.

ही चाल एकट्या कीर्तनकाराची नाही. फार जुनी आहे, आणि आपल्या लोकांना न आवडणारी गोष्ट म्हणजे ती बौद्धांच्या घरातही शिरली होती. १९०७ साली हरप्रसाद शास्त्री नावाच्या बंगाली पंडिताला नेपाळच्या दरबारी ग्रंथालयात ताडपत्रांची एक पोथी सापडली. त्यात बौद्ध सिद्धांची गाणी होती, आज ज्यांना चर्यागीतं म्हणतात ती. १९१६ साली त्यांनी ती छापली. हे सिद्ध मठात बसून ताकद वाढवणारे भिक्षू नव्हते. नावंच बघा : शबरपा, डोंबीपा, तांतीपा. कोण शबर, कोण डोंब, कोण विणकर. गाणी कसली? नाव वल्हवायची, शिकारीची, दारू गाळायची, कापूस पिंजायची. आणि कोड्यांनी भरलेली. बैल वितो, गाय वांझ राहते, अशी उलटीपालटी. एका गाण्यात तर हांडीत भात नाही आणि दारात पाहुणे मात्र रोज, असं रडगाणं आहे.

या भाषेला शास्त्रीबुवा म्हणाले 'संध्याभाषा'. अर्धा उजेड, अर्धा अंधार. पुढं विधुशेखर शास्त्री म्हणाले, छे, शब्द 'संधाभाषा' आहे. म्हणजे मनात वेगळा हेतू धरून बोललेली भाषा. पंडितांची जुंपली. जुंपू द्या. आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. त्या पोथीत गाण्यांबरोबर मुनिदत्त नावाच्या टीकाकाराची संस्कृत टीकाही आहे. तो प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगत जातो. हांडी म्हणजे देह. भात म्हणजे बोधिचित्त. कान्हा नावाच्या सिद्धाचं एक गाणं एका डोंबिणीला उद्देशून आहे. ती टोपल्या विकते. तिची झोपडी गावाबाहेर आहे, हे तो पहिल्या झटक्यालाच सांगून टाकतो. मुनिदत्त काय म्हणतो? डोंबीण म्हणजे नैरात्मा. म्हणजे आत्मा नाही हे ज्ञान, बाईचं रूप घेऊन आलेलं.

असेलही. कान्हा साधक होता, त्याच्या डोक्यात तेही असेल. पण गड्या, ते ज्ञान राहायला गावाबाहेरच का गेलं? कान्हाला दाखला द्यायला गावाच्या मधली बाई का नाही मिळाली? ज्या गोष्टीला शिवायचं नाही असं लोक म्हणतात तिलाच मी मिठी मारतो, हे त्याला सांगायचं होतं, म्हणून त्याने डोंबीण घेतली. ती खरोखर गावाबाहेर नसती तर रूपकाला जागाच नव्हती. रूपक झोपडीच्या खांबावर उभं आहे आणि टीकाकार पहिल्यांदा खांबच उपटतो. भाताचंही तेच. ज्याच्या घरात हांडी भरलेली आहे त्यालाच रिकामी हांडी म्हणजे तत्त्वज्ञान वाटतं. आमच्या घरात रिकामी हांडी म्हणजे रिकामी हांडी. तिच्यावरून तत्त्वज्ञान सुचत नाही असं नाही. सुचतं, पण भुकेच्या पोटी सुचतं.

सिद्धांची ही उलटी बोली पुढं नाथपंथात आली. गोरखनाथाच्या नावावर ती आहे, कबीराच्या उलटबांसीत आहे, आपल्याकडे ज्ञानेश्वर-मुक्ताबाईंच्या कूट अभंगात आहे. मुंगी आभाळात उडते, काट्याच्या टोकावर गावं वसतात. बाबासाहेबांनी ज्या तिघांना गुरू मानलं त्यात बुद्ध आणि फुले यांच्यासोबत कबीर आहे हे विसरू नका. विणकराच्या मागावर बसून बोललेली ती कोडी आहेत. धागा, ताणा, चादर हे त्याचं रोजचं. पंडिताला धागा म्हणजे श्वास एवढंच दिसतं. विणकाराला आधी बोटं दुखतात.

आणि चोखोबा! त्याच्या नावावरच्या अभंगात हीन जातीत जन्म का, याचं उत्तर मागच्या जन्मीच्या पापात दिलेलं सापडतं. मागच्या जन्मी कृष्णाची निंदा केली म्हणून म्हणे. हा चोखोबाचा अर्थ की चोखोबावर लादलेला, यावर भांडायला जागा आहे. पण त्याच्याच पोराने, कर्ममेळ्याने, देवाला तोंडावर जाब विचारलाय. बापाच्या आणि पोराच्या अभंगांत जी दरी आहे ती वाचा. तिथं कोडं वगैरे काही नाही, तिथं भांडण आहे. संप्रदायाने बापाला पायरीशी समाधी दिली आणि पोराला तळटिपेत टाकलं. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. आपल्यातले जे जोशात येऊन चोखोबाला 'लाचार' म्हणून निकालात काढतात त्यांनी ते अर्पणाचं पान काढून बघावं.

एक उदाहरण उलट्या बाजूचं. १९७२ साली 'गोलपिठा' आला. त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. त्यात त्यांनी कबूल केलंय की यातले शब्द मला कळले नाहीत, मग नामदेवला अर्थ विचारले. कामाठीपुऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेले शब्द मराठीच्या नामवंत नाटककाराला कूट होते! हसायचं असेल तर हसा, पण माणूस विचारायला गेला. अकरा वेळा 'गूढ' लिहून मोकळा झाला नाही. कळत नाही म्हणजे खोल आहे किंवा कळत नाही म्हणजे फालतू आहे, हे पांढरपेशाचे दोनच शेरे. मला कळत नाही कारण मी तिथं राहिलेलो नाही, हा तिसरा शेरा फार थोड्यांना सुचतो.

असो. वेरूळला पोचलो.

चौतीस लेणी. पहिली बारा बौद्धांची. बस थांबते ती सोळाव्यासमोर, कैलासासमोर, आणि गर्दी तिथंच जिरते. उजवीकडं वळून बौद्ध लेण्यांकडं येणारे कमी. दहा नंबरचं लेणं चैत्य आहे. छताला दगडाच्या फासळ्या काढल्यात, लाकडी वाशांसारख्या. म्हणून लोक त्याला 'सुतार की झोपडी' म्हणत आले. आतल्या बुद्धाला विश्वकर्मा समजून सुतार मंडळी पाया पडायला येत. शिकलेले लोक या नावाला हसतात. आम्ही हसत नाही. सुताराने दगडात वासा ओळखला, हे काम आपल्यासारख्याच कारागिराचं आहे हे ओळखलं, आणि बसलेल्या मूर्तीला आपल्यातला धरला. चुकीचा अर्थ आहे, पण त्यात हात आहे, घाम आहे. अशा चुकीच्या अर्थाला आम्ही प्राध्यापकाच्या बरोबर अर्थापेक्षा जास्त मार्क देऊ.

आणि पाच नंबर. त्याचं नाव महारवाडा.

हे नाव आम्ही दिलेलं नाही. गाईडबुकांत आहे. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तर या दक्षिणेच्या लेण्यांना 'धेडवाडा' असंही म्हटलंय. दौलताबादच्या हौदावर ओरडलेला तोच शब्द, इथं दगडाला चिकटलेला. कारण असं सांगतात की पावसाळ्यात आसपासचे महार या लेण्यात आसऱ्याला येत. शंभर फुटांहून लांब दालन, मधोमध लांबच लांब दोन बुटके दगडी ओटे, दोन्ही बाजूंना खोल्या, शेवटी बुद्ध. ओट्यांशी बसून भिक्षू जेवत असतील किंवा पाठ करत असतील, असं अभ्यासक म्हणतात. आम्ही तिथं उभे असताना एक गाईड आपला ग्रुप घेऊन आला. 'ये महारवाडा, यहाँ बारिश में महार लोग आके बैठते थे' म्हणाला, हसला, आणि तीस सेकंदांत पुढं गेला. ग्रुपही हसला. आमच्यातला एक पुढं झाला होता, त्याला मागं ओढला. मारून काय होणार? त्या माणसाला कुणी सांगितलंच नसेल की ज्यांना गावात छप्पर नव्हतं त्यांना पावसात बुद्धाने छप्पर दिलं, हाही त्या नावाचा एक अर्थ होतो. आणि दुसरा असा की एवढा मोठा वाडा एकेकाळी बिननावाचा पडून होता, त्यात जे राहिले त्यांचं नाव त्याला लागलं. सातबारा नाही, पण नाव आहे.

म्हातारीचं घर तिथून फार लांब नाही. आमच्यातल्याच एकाची ती आजी. ऐंशीच्या पुढं वय, ऐकायला कमी येतं, बाकी खणखणीत. आधी चहा झाला. मग ओवी म्हणून दाखवली. जातं आता दारामागे उलटं ठेवलंय, त्यावर कोंबडी बसते. जातं नसलं तरी हात फिरत होता.

आम्ही विचारलं, आजी, लेणं म्हणजे काय गं? ज्ञान का?

ती म्हणाली, "काय की माय. लेणं म्हंजी लेणं."

म्हणजे दागिना?

"बहात्तर सालच्या दुष्काळात डोरलं गेलं, पाटल्या गेल्या. मारवाड्याकडं ठिवल्या त्या ठिवल्या. म्या खडी फोडली, सुकडी खाल्ली, पर त्या काई परत आल्या न्हाईत." मग हात वर करून तिने डोंगराकडं दाखवलं. "हे बग लेणं. हे कुनाकडं गहाण पडतंय का? सोनारानं घडवलंय का?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं पाहत बसलो. लेणं म्हणजे लेणं! मराठीत दागिन्याला लेणं म्हणतात, डोंगरातल्या कोरीव घरालाही लेणंच म्हणतात, हे शेंबड्या पोराला माहीत आहे. वेरूळच्या बाईने वेरूळमध्ये रचलेल्या ओवीत लेणं आलं आणि आम्ही चार पानं ज्ञान नि संविधान करत बसलो. शहरात बसून.

मग तिने सांगितलं ते असं. लग्न होऊन ती इथं आली तेव्हा लेण्यात जायचं ते गवत कापायला, नाहीतर आडोशाला. आत कोण बसलंय त्याचं नाव ठाऊक नव्हतं. १९५६ नंतर माणसं यायला लागली, पांढरी लुगडी नेसून, बायका-पोरं घेऊन. त्यांनी सांगितलं, हा बुद्ध, हे आपलं. "तवापून म्या शिळं भाकर घिऊन गेले तरी आपल्या घरात गेल्यावानी जाती." भीमाने दिलं म्हणजे काय, तर हे. ओळख दिली, म्हणून घर दिलं.

आता भाऊ. जे आमच्यातल्या एकाला खुपत होतं. बाबासाहेब भाऊ कसे? तिला हा प्रश्नच कळला नाही. दोनदा सांगावा लागला. मग म्हणाली, "बापाच्या माघारी बाईला देनारं कोन असतंय? भाऊच की." यात देव कुठं आहे? सासुरवाशिणीचा माहेरावरचा हक्क भावातून चालतो. ज्या बाईला गावात कुणी नाही, शेतात वाटा नाही, तिने बाबासाहेबांना भाऊ म्हणणं म्हणजे मला माहेर आहे, असं ठणकावणं. दळणाच्या ओव्यांत हे नातं पुन्हा पुन्हा येतं. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर हिंडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या आहेत, रमाईवरच्या आहेत. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या आहेत. त्या ऐका. कुठं तो पाहुणा आहे, कुठं भाऊ, कुठं मोटारीतून उतरणारा साहेब. राम-सीतेच्या जागी या बायांनी भीम-रमाई आणून बसवली, ती कुठल्या ठरावाने नाही. जात्याचा खुंटा त्यांच्या हातात होता, एवढंच.

आमचे जलसेवाले हे ओळखून होते. तमाशात सवाल-जवाब होता, कलगी-तुऱ्याचं भेदिक होतं. एक शाहीर कोडं घाली, दुसरा सोडवी. पण कोड्याच्या किल्ल्या पुराणात. म्हणजे नाचणार आपण, गाणार आपण, ढोलकी आपली, आणि उत्तर बामणाच्या पोथीत. आंबेडकरी जलसा आला तेव्हा भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी साचा तोच ठेवून गवळण हाकलली आणि सवालच बदलले. तळ्यावर का नाही जायचं? देवळात काय आहे? उत्तर समोर बसलेल्या माणसाला ठाऊक असलेलं. कोडं असं घालावं की ते सोडवायला ऐकणाऱ्याचं आयुष्य पुरावं.

अण्णा भाऊंची मैनेची छक्कड हे याचं सगळ्यात देखणं उदाहरण. मुंबईत आलेला गडी गावाकडं राहिलेल्या बायकोसाठी झुरतो. सगळं गाणं विरहाचं. आणि गाणं पुढं सरकता सरकता कळतं की मागं राहिलेली मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव-कारवारचा, डांग-उंबरगावचा मुलूख. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातलं गाणं ते. इथं दोन अर्थ आहेत आणि एकानेही दुसऱ्याला खाल्लेलं नाही. सीमाभाग कळला म्हणून गड्याची बायको खोटी होत नाही. उलट मुलूख गमावणं म्हणजे काय, ते त्या बायकोमुळे कळतं. पण आजकाल स्टेजवर हे गाणं आम्ही ऐकलंय ते शेवट कापून. नुसती मैना, नुसतं नटणं-मुरडणं, आणि शिट्ट्या. इथं दुसरा अर्थ खाल्ला जातो. खाणारे आपलेच ऑर्केस्ट्रावाले. चौदा एप्रिलला डीजेच्या भिंतीपुढं नाचणाऱ्या आपल्या पोरांना वामनदादांच्या गाण्यातले शब्द ऐकू तरी येतात का, तेही एकदा बघायला पाहिजे. बास एवढा असतो की गाणं कुणाचंही असलं तरी चालतं.

शहराकडं परतताना नागसेनवनावरून आलो. मिलिंद कॉलेजच्या नावामागे 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथ आहे हे इथं शिकणाऱ्या किती पोरांना ठाऊक आहे? राजा मिलिंद विचारतो, भिक्खू नागसेन उत्तर देतो. त्यात मेंडकपञ्ह नावाचा एक मोठा भाग आहे. बुद्धाचं एक वचन एक सांगतं, दुसरं त्याच्या उलट सांगतं, आता बोला! असली दुहेरी शिंगांची कोडी. नागसेन भिक्खू गूढ आहे म्हणून डोळे मिटत नाही. रोजचे दाखले देत कोडं सोडवतो. आणि त्याआधी, पहिल्याच भेटीत, तो राजालाच उलट विचारतो की तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे चाक का? आस का? जू का? विचारायची ही रीत आपल्या घरची आहे. ती सोडून आपण मुनिदत्ताची का धरावी?

तेव्हा पुढच्या अंकापासून असं ठरवलंय. ओव्या, जलशातली गाणी, आज्यांची कोडी, पाळणे, सगळं पाठवा. अर्थ पाठवू नका. त्याऐवजी एवढं लिहा : बाई कुठली, तिचं काम काय होतं, गाणं कुठं बसून म्हणायची, कुणाकडून शिकली, आणि अडलेल्या शब्दाबद्दल ती स्वतः काय म्हणाली. ती हसली असेल तर हसली असं लिहा. सांगत नाही म्हणाली असेल तर तेही. मोबाईल सगळ्यांकडं आहे, आवाज भरून ठेवा. भरताना मागं टीव्ही बंद करा. नाव छापायचं की नाही ते तिला विचारून कळवा, तिच्या पोराला विचारून नाही. जात्यावर हात फिरलेल्या बाया आता ऐंशीच्या पुढं गेल्यात.

प्राध्यापकांना आम्ही त्यांचं पत्र परत पाठवलंय, सोबत वेरूळचा पत्ता. त्यांचा फोन आला होता. रागावले नाहीत. पुढच्या रविवारी जातो म्हणाले, म्हातारीला काय आवडतं ते विचारत होते. आम्ही सांगितलं, चहापत्ती न्या, आणि जरा मोठ्याने बोला.